कंपायलर विचारतो, परसराम कोण?

१

परसराम बिसेनला जाऊन महिना होत आला होता, आणि त्या रविवारी सकाळी कामठ्याच्या मंडळातलं कॉम्प्युटर म्हणायला लागलं की या नावाचा कोणी माणूस आपल्याला माहीतच नाही.

योगराजचा फोन आला तेव्हा मी आमच्या सरांना पोह्यांवर तर्री वाढत होते. सर म्हणजे माझे यजमान, ओमेश्वर. गोंदियातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. माणूस हुशार आहे, पण स्वतःचा चष्मा डोक्यावर असताना घरभर शोधतो आणि मलाच विचारतो. मी शिवणक्लास चालवते, मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. पण सरांचा विद्यार्थी अडचणीत आला की आमच्या घरचा रविवार वाया जातो, एवढं मला बारा वर्षांच्या संसारात पक्कं कळलेलं आहे.

योगराज हा सरांचा लाडका विद्यार्थी. कामठ्याच्या आसपासच्या धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, सारस घरटी करतात, आणि ज्याच्या बांधीत घरटं तो शेतकरी त्याचा राखणदार, असं तिथं एक मंडळ आहे. राखणदार रोज सकाळी मोबाईलवरून मंडळाच्या कॉम्प्युटरला फोन लावतो, पक्षी कसे आहेत ते बोलतो, आणि ते आवाजात साठतं. मागे एकदा घरट्यांच्या जागा फुटल्या आणि कोणी तरी अंडी उचलून नेली. तेव्हापासून शेतकरी तोंड उघडेनात. शेवटी २००८ साली योगराजनं मशीनवर लिनक्स घातलं आणि त्यावर पहारा बसवला. कुठल्या प्रोग्रामनं कुठल्या फाइलीला हात लावायचा याचे नियम त्यानं लिहिले. नियमात नसेल तर मशीनच्या मालकालाही फाइल उघडत नाही. पहारा एक मिनिटही उठणार नाही, असा शब्द मंडळानं राखणदारांना दिला, तेव्हा कुठे लोक पुन्हा बोलायला लागले.

आता परसरामची बायको सुखवंताबाई हिला नवऱ्याचा शेवटचा अहवाल ऐकायचा होता. तो गेला त्या दिवशी ती माहेरी होती. सकाळी त्यानं मशीनला फोन केला, आणि दुपारी बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच, बसल्या बसल्या गेला. त्याचं शेवटचं बोलणं ऐकलं ते मशीननंच. मंडळानं परवानगी दिली, योगराजनं एक छोटा नियम लिहिला की आवाज वाजवणाऱ्या प्रोग्रामला परसरामच्या फाइली उघडू द्याव्यात. नियम कंपायलरला दिला. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेले नियम तपासून मशीनला कळतील असे करून देणारा प्रोग्राम, असं सरांनी मला गाडीवर समजावलं. कंपायलर म्हणाला, 'अननोन टाइप, परसराम'. ही ओळख मला ठाऊक नाही.

"अन् सर, नियमांच्या फोल्डरमधून परसरामकाकांची फाइलच गायब आहे," योगराज फोनवर म्हणाला होता. "माझ्याकडं कॉपी नाही. हिरालालकाका म्हणतात मीच काही तरी करून बसलो. त्यांनी गोंदियाहून एक माणूस बोलावला आहे, तो संध्याकाळी येऊन मशीन फॉर्मॅट मारणार. सगळे आवाज जातील, सर. सुखवंताबाई इथंच बसून आहे. तिले काय सांगू?"

२

मंडळ म्हणजे एक खोली, एक टेबल, भिंतीवर सारसांचं पोस्टर आणि कोपऱ्यात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या रिकाम्या पन्न्या. आत तिघं होते. मशीनला हात लावू शकतील असे तेवढेच, कारण खोलीच्या किल्ल्या तीनच.

योगराज खुर्चीवर, चेहरा उतरलेला. त्याच्या शेजारी श्यामलाल मडावी, जंगलाकडच्या गावचा. त्याची आणि परसरामची बांधी लागून, आणि रोज सकाळी मशीनपाशी बसून फोन आले का बघायची पाळी त्याची. दारात हात मागे बांधून उभे होते ते अध्यक्ष हिरालाल काका. कडक माणूस. त्यांच्यासमोर सरांनीसुद्धा शर्टाची वरची गुंडी लावली.

"हे पाहा सर," हिरालाल म्हणाले. "मशीन स्वतःच सांगून रायली. पहिली चूक श्यामलालच्या फाइलीत, चौथ्या ओळीत. लिहून आलं आहे."

खरंच तसं लिहून आलं होतं. श्यामलालनं मान वर केली.

"मी कायले फाइलीले हात लावू जी? मले फोन आला का नाही तेवढं पाहाचं राहते."

"परसरामसंग तुहं भांडण होतं."

"भांडण कोनासंग नव्हतं त्याचं? घरटं आधी कोनं पायलं यावर मह्यासंग भांडला. तलाव-बोडीच्या पान्यावरनं तुमच्यासंग भांडला. गावात एक मानूस सांगा ज्याच्यासंग तो भांडला नाही." श्यामलालचा आवाज खाली आला. "पन सकारी बांधीवर गेलो का करमत नाही आता."

मला तो माणूस आवडला. सर मात्र स्क्रीनमध्ये डोकं घालून बसले होते.

"चौथी ओळ बरोबर आहे," ते म्हणाले. "कंपायलर अडखळतो ती जागा दाखवतो. पायाखालचा दगड कोणी काढला ते त्याला नाही कळत. श्यामलालभाऊंच्या नियमात परसरामची ओळख वापरली आहे, आणि ती सापडत नाही म्हणून तो ओरडतो. पुढे बघ, योगराज, प्रत्येक राखणदाराच्या फाइलीवर तो असाच ओरडला आहे."

"मग मशीन बंदच पडायला पाहिजे ना, अहो?" मी विचारलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. असं पाहतात तेव्हा मी काही तरी बरं विचारलेलं असतं, एरवी ते पाहत नाहीत.

"योगराज, आज सकाळी फोन आले?"

"सगळे आले, सर. ज्याचा येत नाही त्याले मशीन स्वतःहून रिंग देते. पहाऱ्यात ज्याची ओळख आहे त्यालेच देते." तो थांबला. "आजही तिनं परसरामकाकांच्या नंबरवर रिंग दिली."

"अजून वाजते?" हिरालाल एकदम म्हणाले. "अरे, त्या बाईच्या हातातली परात पडते फोन वाजला का. अन् तुम्ही अजून वाजवूनच रायले? म्हनून म्हनतो, फॉर्मॅट मारा. कटकट नोको."

"तुम्ही भेटून आलात का त्यांना?" मी सहज विचारलं.

"मी कायले जाऊ? पान्याचं भांडण झालं तवापासून त्या घराच्या अंगनात पाय नाही ठेवला. मसनात गेलो होतो, तेवढंच." आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले.

सर खुर्चीत मागे रेलले. "कमाल आहे. चालू पहाऱ्याला परसराम ठाऊक आहे, रोज त्याला फोन लावतो. आणि त्याच मशीनमधला कंपायलर विचारतो, परसराम कोण? दोघांपैकी एक खोटं बोलतो, किंवा दोघंही खरं बोलतात."

"पहारा थोडा वेळ उठवला तर?" योगराज हळूच म्हणाला. "आवाज काढून घेऊ अन् पुन्हा बसवू."

"एक मिनिटही नाही," बाहेरून हिरालाल म्हणाले. "शब्द दिला आहे."

३

सुखवंताबाई मागच्या पडवीत बसली होती. चहा थंड करून ठेवलेला. मी शेजारी बसले. आमच्या माणसाला स्क्रीन बोलकी वाटते, मला माणसं. ज्याचं त्याला.

"काढते का जी मशीन त्याचा आवाज?" तिनं विचारलं.

"काढेल. सर बसले आहेत."

"मी म्हनलं होतं त्याले, दोन दिवस जाऊन येतो माहेरी. जा म्हने. भात कोन मांडल, म्हनलं, त म्हने मी का लेकरू आहो." ती हसली आणि पदर तोंडाला लावला. "भांडखोर होता वो. पन मह्यासंग नाही भांडला कधी."

मी फोनचं विचारलं.

"तेरवी होये पावेतो फोनकडं कोनाचं ध्यान नव्हतं, बंद पडून होता. पाहुने गेले अन् मी तो चार्जिंगले लावला. दुसऱ्या दिवशी सकारी तांदूर निवडून रायलो होतो अन् फोन वाजला. त्याचा फोन. मले वाटलं..." ती थांबली. "परात पडली हातातून. तांदूर सारे सांडले. उचलला त मशीनची बाई बोलते, अहवाल सांगा. मी तिथंच बसलो अन् रडलो."

"घरात कोणी होतं तेव्हा?"

"एकटीच. हो, अंगनात कोनी तरी आलं होतं. पाठमोरा मानूस पायला, फाटकातून परत चालला होता. फाटकापाशी एक पोतडी ठेवून गेला, तीत नवीन चिन्नोर तांदूर होता. तोंड नाही दिसलं. पानी बी नाही पेला."

"परात पडल्याचं कोणाला सांगितलं होतं?"

"कोनाले सांगू? लोक म्हनतील बाई येडी झाली."

"आता फोन वाजला की उचलत नाही ना?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच काही वेडं बोलले.

"उचलतो ना. रोज उचलतो. परात एकदाच पडली. आता वाजला का सांगतो, सारस बरे आहेत म्हनून. बांधीवर जाऊन पाहून येतो अन् सांगतो. त्याचं काम आहे, कोनी तरी कराले पायजे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते आलंच. मी उठून नळावर गेले, तोंड धुतलं, आणि तिथं उभी असताना मला कळलं की फाइल कोणी काढली.

४

आत सर टेबलावर बोटं वाजवत होते. म्हणजे त्यांनाही काही सापडलं होतं. बारा वर्षांत ही एक सवय बदललेली नाही.

"ऐक," ते म्हणाले. "योगराजनं नियम कसे लावले ते त्याला विचार."

योगराज कसनुसा झाला. "पंगतीत वडीलधाऱ्याला आधी बसवतात ना, मॅडम, तसं. परसरामकाका सगळ्यात मोठे, त्यांचं घरटं सगळ्यात आधीचं. म्हणून त्यांची फाइल पहिली. घरटं म्हणजे काय, अहवाल म्हणजे काय, ह्या ओळखी मी त्यांच्याच फाइलीत लिहिल्या. बाकीचे त्यांच्या मागं. अन् सगळ्या फाइली एकदमच कंपायलरला द्यायचो."

"हीच गोम," सर म्हणाले. "वेगवेगळ्या मॉड्यूलच्या, म्हणजे सुट्या तुकड्यांच्या, नावाखाली यानं सगळे एकाच गाठोड्यात बांधले. पहिला होता तोवर मागच्यांचं निभलं. कोणी तरी मेनूतून 'राखणदार काढा' निवडलं आणि परसरामचं नाव दिलं. मशीननं फाइल पुसली आणि नवा पहारा बनवायला घेतला. बनेना, कारण बाकीचे सगळे परसरामवर टेकलेले. मग काय करते मशीन? नवा पहारा बनला नाही तर जुना तसाच चालू ठेवते. त्या जुन्यात परसराम आहे. आज योगराजनं नवा नियम घातला तेव्हा पुन्हा सगळं कंपायलरकडे गेलं, आणि आपल्याला पहिल्यांदा कळलं."

"म्हणजे ज्यानं काढलं त्याला वाटत होतं की निघालं," मी म्हणाले.

"बरोबर. योगराज असता तर स्क्रीनवरचं वाचून त्याला तेव्हाच कळलं असतं. श्यामलालभाऊ रोज सकाळी इथं बसतात, रिंग जाते ते त्यांना दिसतं, त्यांनाही कळलं असतं. मग उरतो..."

"थांबा," मी म्हणाले. "पुढचं मी बघते. तुम्ही उगाच सगळ्यांसमोर बोलाल."

हिरालाल काका बाहेर आंब्याखाली खर्रा चोळत उभे होते. मी जवळ गेले, आवाज खाली ठेवला.

"काका, परात पडल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्यांचा अंगठा तळव्यावर थांबला.

"ती एकदाच पडली. घरात बाई एकटी होती. अंगणात एक माणूस होता, तो पाणीसुद्धा न पिता परत गेला. चिन्नोर तांदळाची पोतडी ठेवून."

ते आंब्याच्या पारावर बसले. इतका ताठ माणूस असा बसलेला बघवेना.

"भांडण मिटवाले गेलो होतो, बेटा. तो होता तवा नाही गेलो. गेल्यावर गेलो," ते म्हणाले. "फाटकात पोचलो अन् फोन वाजला. परात पडली. बाई अशी रडली का मह्यानं समोर जावलं नाही. गेलेल्या मानसाले रोज हाका मारू नये, तो मागं फिरून पाहते. मह्या मायनं सांगितलं होतं. तिथून सीधा इथं आलो. योगराजनं मराठीत लिहून ठेवलं आहे ना, राखणदार काढा, तेच दाबलं. इंग्रजीत काही तरी आलं, बंद केलं. वाटलं, झालं. बाईचा फोन बंद झाला. आज कळलं का रोज वाजून रायला."

"मग योगराजवर काऊन टाकलं?"

"मशीनले हात लावाचा नाही हा नियम मीच केला. अध्यक्ष म्हनवतो. तोंड कसं दाखवू?" त्यांनी खर्रा गवतात टाकून दिला. "पोरगा बिचारा. अन् आवाज बी गेला ना आता? मह्यामुळं?"

मी आत पळाले.

५

"परसरामची फाइल पुन्हा लिहायची का?" मी विचारलं.

"आठवून लिहिता येईल, पण एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर जुने आवाज कायमचे अडकतील," सर म्हणाले. "आणि गरजही नाही. परसराम चालू पहाऱ्यात बसलेला आहे. सुखवंताबाईंचा नियम त्या गाठोड्यात घालायचा नाही. वेगळं मॉड्यूल करायचं, आणि वर लिहायचं की मला परसराम लागतो. तो इथं नसला तरी आत आहे, माझ्यावर विश्वास ठेव. कंपायलर एवढ्यावर ऐकतो. जोडताना चालू पहारा बघतो, तिथं परसराम असतो, जुळून जातं."

"म्हणजे बाही वेगळी शिवायची तर कागदावर मुंढ्याचं माप लिहून ठेवायचं," मी म्हणाले. "अंग समोर नसलं तरी चालतं."

"हो. आणि यानं इतके दिवस अंग, बाह्या, गळा एकदमच शिवले. म्हणून माप कधी लिहावंच लागलं नाही."

योगराजनं टाइप केलं. वर एक चौकट: रिक्वायर, म्हणजे 'लागतो'. आत परसराम. खाली एक ओळ: वाजवणाऱ्याला परसरामचा आवाज वाचू द्यावा. कंपायलरला दिलं. पुन्हा लाल अक्षरं.

श्यामलालनं कपाळाला हात लावला. सर मात्र हसले.

"यावेळी तक्रार वेगळी आहे. परसराम कोण ते आता विचारत नाही. विचारतो, वाचणं म्हणजे काय? तेही चौकटीत लिहावं लागतं. कोण लागतो आणि त्याच्याकडून काय लागतं, दोन्ही."

योगराजनं लिहिलं. कंपायलर काहीच बोलला नाही. सर म्हणाले, तो खूष असला की गप्प बसतो. मी म्हणाले, आमच्या घरी पण एक आहे तसा.

हिरालाल काकांनी दारातूनच गोंदियाच्या माणसाला फोन लावून येऊ नको म्हणून सांगितलं. मग आत येऊन योगराजच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "फाइल म्या काढली होती. पोराची चूक नाही." त्यानंतर ते पडवीतून आत आलेल्या सुखवंताबाईसमोर हात जोडून उभे राहिले. तिनं पोतडीचं ओळखलं असावं.

"अंगनातून काऊन परत गेले जी?" ती म्हणाली. "पानी तरी पेऊन जातात."

योगराजनं बटन दाबलं. आधी खरखर आली, लांबून सारसाची हाक आली, आणि मग एक घोगरा, घाईतला आवाज.

"मी परसराम. सारस बरे आहेत. एक पिल्लू निंगालं आज, दुसरं अंडं आहे अजून. सुखवंता माहेरी गेली. भात मांडला त करपला, तिले सांगजा नोको. उद्या येईल ते, त नेतो तिले पिल्लू दाखवाले. अन् हिरालालले म्हना, पान्याचं भांडण आपल्या जागी. पिल्लू पाहाले ये म्हना. ठेवतो."

हिरालाल काका भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. श्यामलाल उघडपणे रडत होता, त्याला त्याची लाज नव्हती.

"करपला म्हने," सुखवंताबाई म्हणाली. "मले मालूम होतं. भाताचा गंज घासाले दोन दिवस लागले." आणि ती हसता हसता रडली, की रडता रडता हसली, मला सांगता येणार नाही. मी तिचा हात धरून बसले.

मग योगराजनं विचारलं, "काकू, आता नीट करून काकांचं नाव काढू का पहाऱ्यातून? फोन नाही वाजणार मग."

"त्याच्यावर सारे टेकून आहेत म्हने ना? मशीननं बी नाही काढलं त तू कायले काढतो?" ती म्हणाली. "वाजू दे. मी उचलतो."

परतताना नाल्याच्या पुलावर सर म्हणाले, "रविता, मी पण तुझं माप कधी लिहून ठेवलं नाही. तू समोरच असतेस."

"समोर बघून गाडी चालवा," मी म्हणाले, आणि त्यांच्या पाठीला डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी योगराजचा फोन आला. कॉलेजला जायची घाई असतानाही सरांनी तो स्पीकरवर लावला. सकाळी मशीननं परसरामच्या नंबरवर रिंग दिली होती आणि सुखवंताबाईनं उचलला होता. योगराजनं आम्हाला ते ऐकवलं.

"सारस बरे आहेत. पिल्लू मायच्या मागं मागं चालते आता," ती सांगत होती. तिच्या मागे भांड्याचा आवाज आला, आणि जरा लांबून हिरालाल काका म्हणाले, "बाई, पानी द्या जी."